शरीरात रॉड, प्लेट किंवा कृत्रिम सांधा असताना इलेक्ट्रोथेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पायात रॉड आहे, करंटची मशीन चालणार नाही’ असे सांगून रुग्णाला परत पाठवले जाते. दुसरीकडे, गुडघा बदललेल्या माणसाला काहीही न विचारता डायथर्मीखाली, म्हणजे उच्च वारंवारितेच्या लहरींनी खोलवर उष्णता देणाऱ्या मशीनखाली, झोपवले जाते. पहिला माणूस विनाकारण दुखणे सोसतो, दुसरा आतून भाजू शकतो. गोंधळाचे मूळ बरेचदा एका शब्दात असते : शेक. रुग्णाच्या तोंडी टेन्सही (त्वचेवर पॅड लावून दुखणे दबवणारा करंट) शेक, अल्ट्रासाऊंडही शेक आणि डायथर्मीही शेक. या तिन्ही मशीन धातूशी अगदी वेगवेगळ्या वागतात. त्यामुळे इथली उत्तरे मशीननुसार दिली आहेत.

शरीरात धातू असेल तर सगळीच इलेक्ट्रोथेरपी बंद करायची का?

नाही. धातू आहे की नाही, हा अर्धाच प्रश्न झाला. मशीन कोणती ऊर्जा देते, ती धातूपर्यंत पोचते का आणि पोचल्यावर तिचे काय होते, हा उरलेला अर्धा. टेन्ससारख्या मशीनचे क्षणिक, दोन्ही दिशांनी वाहणारे करंट धातूला तापवत नाहीत. शॉर्टवेव्ह आणि मायक्रोवेव्ह डायथर्मीचे उच्च वारंवारितेचे क्षेत्र मात्र धातूपाशी एकवटते आणि भोवतालचे मांस तापवते. एकाच दिशेने वाहणारा गॅल्व्हॅनिक करंट रासायनिक बदल घडवतो. अल्ट्रासाऊंड हा तर करंटच नव्हे, तो ध्वनी आहे. तो धातूवरून परावर्तित होतो.

याखेरीज एक गोष्ट विसरली जाते. कित्येकदा धोका धातूचा नसतो, धातू ज्या कारणासाठी बसवला त्या कारणाचा असतो : न जुळलेले हाड, ताजी जखम, बधिर त्वचा, पोटरीत झालेली रक्ताची गुठळी.

डायथर्मीचीच एवढी धास्ती का?

शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते. या वारंवारितेला शरीरातले आयन आणि पाण्याचे रेणू पुढेमागे, उलटसुलट हलतात आणि त्या घर्षणातून उष्णता निर्माण होते. धातूचा तुकडा मध्ये आला की क्षेत्राच्या रेषा त्याच्याकडे ओढल्या जातात, कारण तो भोवतालच्या मांसापेक्षा लाखो पट चांगला वाहक असतो. रेषा सर्वांत दाट कुठे होतात? रॉडच्या टोकांशी, स्क्रूच्या अणकुचीदार शेवटाशी, प्लेटच्या कडांवर. धातू स्वतः फारसा तापत नाही. त्याच्या टोकाला चिकटून असलेले मांस आणि हाड तापते. म्हणून ‘धातू गरम होतो’ हे प्रचलित वाक्य थोडे दिशाभूल करणारे आहे.

क्षेत्राच्या दिशेशी समांतर असलेला लांब तुकडा सर्वांत वाईट. त्यात लांबीचाही एक खोडसाळ योग आहे. २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी हवेत सुमारे ११ मीटर असते, पण स्नायूसारख्या पाणीदार भागात ती साधारण ६८ सेंटिमीटरवर येते. तिची निम्मी लांबी ३४ सेंटिमीटर. मांडीच्या हाडात घालतात तो रॉड जवळपास तेवढाच असतो. अशा लांबीचा वाहक त्या क्षेत्रातून ऊर्जा विशेष चांगली उचलतो.

कॉइल किंवा केबलच्या चुंबकीय क्षेत्रातून करंट निर्माण करणाऱ्या प्रेरणीय पद्धतीत धातूमध्ये भोवरा करंट, म्हणजे आतल्या आत गोल फिरणारे करंट, तयार होतात. वायरचा बंद वेढा असेल तर जास्तच. मायक्रोवेव्ह डायथर्मीची लहर, म्हणजे बहुतेक ठिकाणी २४५० मेगाहर्ट्झची, धातूवरून परतते आणि त्वचा व धातू यांच्यामधल्या पातळ थरात येणारी-जाणारी लहर एकमेकींवर चढते. प्लेट त्वचेखाली जवळच असेल, तर चटका बसायची जागा नेमकी तीच.

आणखी अडचण अशी की उष्णता ओळखणारी मज्जातंतूंची टोके मुख्यतः त्वचेत असतात. हाडाजवळ तापमान वाढले तर रुग्णाला ‘गरम लागतंय’ असे वाटत नाही. आत कुठेतरी खोल ठणका लागतो, तोही उशिरा. त्यामुळे ‘रुग्णाने सांगितलं की थांबवू’ हा भरवसा डायथर्मीत पुरत नाही.

माझा रॉड टायटॅनियमचा आहे, चुंबकाला चिकटत नाही. एमआरआयसुद्धा झाला. मग डायथर्मी चालेल ना?

नाही चालणार. चुंबकाला चिकटणे ही एक गोष्ट, वीज वाहून नेणे ही वेगळी. हाडांसाठी वापरले जाणारे धातू म्हणजे ३१६एल स्टेनलेस स्टील, टायटॅनियमचे मिश्रधातू आणि कोबाल्ट-क्रोमियम. यांतला एकही चुंबकाने जाणवण्याइतका ओढला जात नाही, पण तिन्ही विजेचे उत्तम वाहक आहेत. टायटॅनियमचा मिश्रधातू स्टीलपेक्षा कमी चांगला वाहक आहे खरा. पण मांसाच्या तुलनेत पाहिले तर हा फरक नगण्य ठरतो. डायथर्मीला मतलब वाहकतेशी आहे. एमआरआयचे प्रमाणपत्र एमआरआयपुरतेच धरावे.

पल्स्ड, म्हणजे सलग न देता थांबून-थांबून दिलेल्या, डायथर्मीत उष्णता कमी असते म्हणतात. ती दिली तर?

उष्णता सरासरी शक्तीवर ठरते आणि ती काढायला एक साधा गुणाकार पुरतो : शिखर शक्ती, पल्सची लांबी आणि सेकंदाला किती पल्स. १५० वॅट, ४०० मायक्रोसेकंद आणि सेकंदाला २६ पल्स, तर सरासरी सुमारे १.६ वॅट. तेच बटण २०० पल्सवर नेले की १२ वॅट. साधारण ५ वॅटच्या वर ऊब जाणवू लागते. म्हणजे ‘पल्स्ड’ हा शब्द सुरक्षिततेची हमी देत नाही, तो आकडा देतो. ऊब जाणवणार नाही इतक्या कमी सरासरीवर धातू असतानाही वापर करावा, असे मानणारे काही तज्ज्ञ आहेत. आमचे मत सरळ आहे : इतक्या कमी मात्रेने जो फायदा होईल असे मानले जाते, तो मिळवण्याचे दुसरे मार्ग आहेत आणि बटण चुकीच्या आकड्यावर राहण्याची शक्यता नेहमीच असते. नकोच.

धातू उजव्या गुडघ्यात आणि डायथर्मी डाव्या खांद्याला. चालेल का?

निव्वळ हाडातला धातू असेल आणि तो क्षेत्राच्या वाटेत किंवा लगत नसेल, तर चालते. वाट कोणती हे मात्र नीट पाहायला हवे. डाव्या गुडघ्यावर उपचार करताना बदललेला उजवा गुडघा चिकटून ठेवला तर क्षेत्र तिकडेही पसरते. पाय वेगळे ठेवा, केबल दुसऱ्या पायावरून नेऊ नका. कंबरेला किंवा खुब्याला डायथर्मी देताना ओटीपोटातली तांबी विसरली जाते, तीही धातूच. बाहेरचा धातूही मोजायचा : धातूची खाट किंवा खुर्ची, घड्याळ, हुक, झिप, कपड्यातला जरतारी धागा.

शरीरात विजेवर चालणारे उपकरण असेल, तर अंतराचा हिशेब लागूच होत नाही. पेसमेकर, मेंदूतले किंवा मणक्याजवळचे उत्तेजक, कानातले कॉक्लिअर इम्प्लांट, हाड जुळण्यासाठी आत बसवलेले उत्तेजक, यांपैकी काहीही असले तर डायथर्मी शरीराच्या कुठल्याही भागाला देऊ नये. मेंदूत उत्तेजक बसवलेल्या रुग्णांचे डायथर्मीनंतर मृत्यू ओढवल्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००२ मध्ये तसा इशारा दिला. उपकरण बंद केले, किंवा काढून टाकले पण तार आतच राहिली, तरी धोका तोच. अशा माणसाने चालू डायथर्मीच्या आसपासही थांबू नये. तीन मीटर दूर राहावे.

टेन्स लावता येते का?

येते. हाडात बसवलेला धातू टेन्सला आड येत नाही. तिचे पल्स ५० ते २५० मायक्रोसेकंदांचे, सेकंदाला १ ते १५० आणि बहुतेक मशीनमध्ये दोन्ही दिशांनी समान भाराचे असतात. एका दिशेने गेलेला भार लगेच परत येत असल्यामुळे धातूच्या पृष्ठभागावर रासायनिक क्रिया साठत नाही. सरासरी ऊर्जा इतकी कमी असते की तापण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय बराचसा करंट दोन पॅडच्या मधल्या वरच्या थरांतूनच वाहतो.

पथ्ये आहेत ती त्वचेची आणि जखमेची. पॅड व्रणावर, स्टेपलवर किंवा ड्रेसिंगवर नको. जखमेच्या कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर बाजूला, व्रणाला समांतर लावावे. पॅडचा चिकटपणा गेला की ते बदलावे. पाणी लावून चिकटवलेले जुने पॅड मधेच सुटते, सगळा करंट उरलेल्या कोपऱ्यातून जातो आणि टोचू लागते. रुग्ण म्हणतो, ‘आतल्या प्लेटला लागतंय.’ बहुतेक वेळा दोष पॅडचा असतो.

आयएफटी (इंटरफेरेन्शियल थेरपी) आणि टेन्स एकच ना? मग आयएफटीसुद्धा निर्धास्त द्यावी?

द्यावी, पण निर्धास्त नको. आयएफटीमध्ये सुमारे ४००० हर्ट्झचे दोन करंट एकमेकांना छेदतात. तेही दोन्ही दिशांनी समान असतात, म्हणून धातूवर रासायनिक परिणाम नाही. फरक असा की टेन्सचा करंट बराच वेळ बंद आणि क्षणभर चालू असतो; आयएफटीचा सतत चालू असतो.

आकड्यांत पाहू. उत्तेजक मशीनच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिॲम्पिअर, म्हणजे आरएमएस मूल्याने (चढउतार होणाऱ्या करंटचे परिणामी सरासरी मूल्य), ही सावधगिरीची रेषा मानली आहे. ५ × ५ सेंटिमीटरच्या पॅडचे क्षेत्रफळ २५ चौरस सेंटिमीटर. टेन्सचा ४० मिलिॲम्पिअरचा पल्स दोन्ही बाजूंनी २०० मायक्रोसेकंद, सेकंदाला १०० वेळा दिला, तर आरएमएस सुमारे ८ मिलिॲम्पिअर होतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ०.३. आयएफटीचा ५० मिलिॲम्पिअर शिखराचा करंट म्हणजे ३५ मिलिॲम्पिअर आरएमएस, दर चौरस सेंटिमीटरला १.४. आता ते पॅड अर्धे सुटले किंवा स्पंजची एक बाजू कोरडी पडली, की आकडा २.८ होतो आणि रेषा ओलांडली जाते. गुडघ्याचा अर्धा सांधा बदलल्यानंतर विद्युत उत्तेजनाने त्वचा पूर्ण जाडीपर्यंत भाजल्याची एक घटना २००५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आहे. म्हणजे हे केवळ कागदावरचे गणित नाही.

म्हणून आयएफटी देताना स्पंज कडेपर्यंत सारखा ओला हवा. पट्टा सगळीकडे सारखा घट्ट बसला पाहिजे. शस्त्रक्रियेच्या भागात करंट ‘स्पष्ट पण सुखद’ यापलीकडे वाढवू नये. पहिल्या बैठकीत पाच मिनिटांनी पॅड उचलून त्वचा पाहावी. हलकी, सारखी लाली चालते. नाण्याएवढा गडद ठिपका दिसला तर तिथेच थांबावे. आणि ज्या जागी धातू अगदी त्वचेखाली आहे, तिच्यावर पॅड येऊ देऊ नये.

‘धातू त्वचेखाली’ म्हणजे नेमक्या कुठल्या जागा?

जिथे हाडावर मांस कमी असते त्या. गळपट्टीच्या हाडावरची प्लेट, कोपराच्या टोकावरची वायर, मनगटाच्या मागची प्लेट, गुडघ्याच्या वाटीवरची वायर, नडगीचा पुढचा भाग, घोट्याची बाहेरची बाजू. बोटाने चाचपले की स्क्रूचे डोके हाताला लागते, तर ती जागा ‘वरवरची’ समजा. मांडीच्या हाडात खोल गेलेला रॉड किंवा खुब्याचा दांडा या यादीत येत नाही.

गॅल्व्हॅनिक करंट, आयन्टोफोरेसिस (करंटने औषध त्वचेतून आत ढकलणे), डायडायनॅमिक यांचे काय?

हे धातूच्या भागावर देऊ नयेत. करंट एकाच दिशेने वाहत राहिला की ऋण पॅडखाली अल्कली आणि धन पॅडखाली आम्ल तयार होते. मध्ये धातू असला तर तो स्वतःच दोन तोंडांचा पॅड बनतो : करंट एका टोकाने आत शिरतो, दुसऱ्याने बाहेर पडतो आणि बाहेर पडण्याच्या टोकाशी धातू झिजण्याची क्रिया होऊ शकते. खोलवरच्या धातूत हे फार घडेल असे नाही, पण वरवरच्या धातूजवळ करंट एकवटून रासायनिक भाजणे ही खरी शक्यता आहे. असे भाजलेले लवकर बरे होत नाही, आणि खाली प्लेट असेल तर जंतुसंसर्ग थेट तिच्यापर्यंत जाण्याची भीती.

आयन्टोफोरेसिसची मात्रा मिलिॲम्पिअर गुणिले मिनिटे अशी मोजतात. ४ मिलिॲम्पिअर १० मिनिटे म्हणजे ४०. मात्रा कमी ठेवली म्हणून दिशा बदलत नाही. डायडायनॅमिक करंट पन्नास-शंभर हर्ट्झचा असला तरी एकाच बाजूचा असतो. त्याला गॅल्व्हॅनिकच्याच खात्यात टाका. मज्जातंतू तुटलेल्या स्नायूसाठी वापरतात ते १०० मिलिसेकंदांचे लांब पल्स द्यायचेच असतील, तर मशीनवर दोन्ही दिशांचा पर्याय निवडावा आणि पॅड धातूपासून दूर ठेवावे.

गुडघा बदलल्यावर मांडीच्या स्नायूला करंट देतात. ते सुरक्षित आहे का?

हो, आणि उपयोगीही आहे. शस्त्रक्रियेनंतर मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. रुग्ण जोर लावतो पण स्नायू साथ देत नाही. अशा वेळी बाहेरून आकुंचन घडवल्याने ताकद लवकर परतते. साधारण मात्रा अशी : दोन मोठे पॅड, सुमारे ७ × १३ सेंटिमीटरचे, एक मांडीच्या वर बाहेरच्या बाजूला आणि एक गुडघ्याच्या वाटीच्या वर आतल्या बाजूला. पल्स ३०० ते ४०० मायक्रोसेकंद, ५० हर्ट्झ, चढाव दोन सेकंद, आकुंचन १० सेकंद, विश्रांती ३० ते ५० सेकंद, एका बैठकीत १० ते १५ आकुंचने. विश्रांती छाटू नका. ती छाटली की पाचव्या-सहाव्या आकुंचनापासून स्नायू थकतो आणि पुढचे सगळे नुसते टोचणे उरते.

धातूचा मुद्दा इथे गौण आहे. मुख्य मुद्दा ओढीचा. गुडघ्याची वाटी तुटून वायरने बांधली असेल, तर मांडीच्या स्नायूचे जोरदार आकुंचन तीच वायर ओढते. कोपराचे टोक वायरने बांधलेले असताना दंडाच्या मागच्या स्नायूला करंट देणे हाही तोच प्रकार. खुब्याच्या बाहेरचा उंचवटा तुटून बसवला असेल, तर नितंबाच्या बाजूच्या स्नायूबाबत तेच. अशा ठिकाणी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारावा : ‘या स्नायूचे पूर्ण जोराचे आकुंचन किती आठवड्यांनी चालेल?’ ‘फिजिओथेरपी सुरू करू का?’ एवढेच विचारले तर उत्तर ‘हो’ येते आणि त्यातून काहीच कळत नाही.

पोटरी अचानक सुजली, एका बाजूला दुखरी आणि गरम झाली, तर उत्तेजन आणि शेक दोन्ही थांबवून आधी रक्ताच्या गुठळीची तपासणी.

अल्ट्रासाऊंड धातूवर चालतो का?

बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त वेळा चालतो. ध्वनिलहर मांसातून स्टीलवर आदळली की सुमारे ८५ ते ९० टक्के ऊर्जा परत फिरते. टायटॅनियमवरून थोडी कमी, ऐंशीच्या आसपास. परत फिरलेली लहर धातूच्या पुढच्या मांसात मिसळते, म्हणून तिथे ताण वाढतो. पण धातू उष्णतेचाही चांगला वाहक आहे. आलेली उष्णता तो पटकन इकडेतिकडे पसरवतो. हाड स्वतः ध्वनी खूप शोषते, धातू फार थोडा. त्यामुळे नुसत्या प्लेटपाशी तापमान फारसे चढत नाही. १९५० च्या दशकातल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हेच दिसले होते.

खरी अडचण सिमेंट आणि प्लास्टिकची. कृत्रिम सांधा हाडाला चिकटवणारे ॲक्रिलिक सिमेंट आणि सांध्याच्या वाटीतले पॉलिएथिलीन ध्वनी भरपूर शोषतात आणि उष्णता मात्र पुढे नेत नाहीत. सिमेंट आणि हाड यांच्या सीमेवर ती साठते. म्हणून बदललेल्या सांध्यावर अल्ट्रासाऊंड नको, सिमेंट वापरले की नाही हे माहीत नसेल तरीही नको. गमतीचा भाग असा की लोक धातूला घाबरतात आणि प्लास्टिक कुणाच्या लक्षातच येत नाही.

प्लेट किंवा रॉडजवळच्या मऊ भागावर द्यायचा असेल तर पल्स्ड, १:४ प्रमाण (एक भाग चालू, चार भाग बंद), दर चौरस सेंटिमीटरला ०.५ वॅट किंवा कमी. धातू वरवर असेल तर ३ मेगाहर्ट्झ निवडावे, कारण ते उथळ जाते. मशीनचे डोके सेकंदाला साधारण ४ सेंटिमीटर वेगाने फिरत राहिले पाहिजे. एका जागी धरले तर येणारी आणि परतणारी लहर मिळून स्थिर लहर बनते. हाडाच्या आवरणात ठणका लागला तर ती धोक्याची सूचना. तीव्रता कमी करा, तरीही राहिला तर बंद.

हाड लवकर जुळावे म्हणून देतात तो कमी तीव्रतेचा अल्ट्रासाऊंड वेगळा : दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट, १.५ मेगाहर्ट्झ, रोज २० मिनिटे. त्याला रॉड-प्लेटचा अडसर नाही. डोके मात्र थेट प्लेटवर न ठेवता फ्रॅक्चरला मोकळी वाट मिळेल अशा बाजूने ठेवावे.

बाहेरून रिंग आणि तारा बसवल्या आहेत. काही देता येईल का?

डायथर्मी अजिबात नाही. पायाभोवतीची धातूची रिंग म्हणजे क्षेत्रात ठेवलेला बंद वेढा आणि तारा ती ऊर्जा थेट हाडापर्यंत नेतात. टेन्स देता येते, पण पॅड, केबल किंवा ओला स्पंज पिनला कुठेही टेकता कामा नये. टेकला तर करंट त्वचेऐवजी पिनच्या वाटेने आत जातो. पिनच्या तोंडाशी पू किंवा लाली असेल तर त्या अवयवावर आधी संसर्गाचा उपचार. रिंग कार्बन फायबरची असली तरी नियम तोच, कारण कार्बन फायबरही वीज वाहतो.

लेझर, इन्फ्रारेड, गरम पिशवी?

आतल्या धातूमुळे अडत नाही. ही ऊर्जा तिथवर पोचतच नाही किंवा अगदी थोडी पोचते. उघडी वायर, स्टेपल किंवा बाहेरच्या पिना असतील तर इन्फ्रारेडखाली त्या तापतात, म्हणून झाका किंवा टाळा. लेझरचा किरण चकचकीत पिनवरून डोळ्यात जाऊ शकतो, चष्मा दोघांनीही लावावा.

मॅग्नेटो, टेकार, शॉकवेव्ह ही नवी मशीन आली आहेत. त्यांचे?

मिलिटेस्लामध्ये चालणारे सौम्य स्पंदित चुंबकीय क्षेत्र हाडातल्या नेहमीच्या धातूंना चालते. हाड जुळवण्यासाठी ते रॉड असतानाही वापरतात. पण एक-दोन टेस्लापर्यंत जाणारे, स्नायू जागेवर उडवणारे तीव्र मशीन ही वेगळी जात. ते धातूत भोवरा करंट निर्माण करते; धातूच्या भागावर नको. नाव दोघांचेही ‘मॅग्नेट’, म्हणून आधी आकडा विचारा.

टेकार ही काही लाख हर्ट्झची उष्णता आहे. तिच्या रेझिस्टिव्ह प्रकारात करंट हाड-अस्थिबंधासारख्या खोल भागाकडे जातो, जिथे धातू बसलेला असतो. मशीनच्या पुस्तिका याबाबत एकमेकींशी जुळत नाहीत. तुमच्या पुस्तिकेत ‘मनाई’ असेल तर चर्चा तिथेच संपली. ‘सावधगिरी’ असेल तरी धातूवर टाळणेच शहाणपणाचे. शॉकवेव्ह, म्हणजे दाबलहरींचे जोरदार ठोके, न जुळलेल्या हाडावर प्लेट असतानाही दिली जाते, पण कृत्रिम सांध्यावर आणि सिमेंटजवळ नको.

उपचाराआधी त्वचेची संवेदना तपासणे खरोखर गरजेचे आहे का? रुग्ण तर ‘सगळं कळतं’ म्हणतो.

गरजेचे आहे, कारण रुग्णाला बधिर पट्टा असल्याचे अनेकदा माहीतच नसते. गुडघा बदलताना पुढून छेद घेतला की वाटीखालच्या त्वचेला जाणारी बारीक मज्जातंतूशाखा कापली जाते आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला हाताच्या तळव्याएवढा भाग बधिर राहतो. पॅड नेमके तिथेच पडते. करंटसाठी टोचरे-बोथट तपासा, उष्णतेसाठी गरम-थंड. डोळे मिटायला सांगा आणि धडधाकट बाजूशी तुलना करा. बधिर भागावर पॅड ठेवू नका. ते ठेवून ‘जाणवत नाही’ म्हणून करंट वाढवत नेणे ही भाजण्याची ठरलेली वाट आहे.

रुग्णाला आत काय आहे ते आठवतच नाही. कसे शोधायचे?

‘इम्प्लांट आहे का?’ असे विचारले तर पुष्कळजण ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी तो ‘रॉड’ असतो किंवा ‘सळई’. म्हणून प्रश्न फिरवून विचारा : कधी हाड मोडले होते का, कुठले ऑपरेशन झाले, रॉड-पट्टी-स्क्रू-वायर घातली का, सांधा बदलला का, छर्रा किंवा धातूचा तुकडा आत राहिला आहे का. मग कपडे बाजूला करून व्रण पाहा. मांडीच्या वरच्या टोकाला दोन-तीन छोटे व्रण आणि गुडघ्यावर आणखी एक-दोन, म्हणजे आत बहुधा रॉड. ऑपरेशनच्या कागदांवर इम्प्लांटचा स्टिकर असतो, त्यावर धातूचे नावही मिळते. शंका राहिली तर एक्स-रे. एक्स-रे मिळेपर्यंत डायथर्मी बंद, टेन्स चालू ठेवता येते; पण पेसमेकर किंवा दुसरे विजेवर चालणारे उपकरण नसल्याची खात्री करूनच.

प्लेट दहा वर्षांपासून आहे, कधी त्रास नव्हता. आता तिथे दुखते. टेन्स लावून पाहावी का?

आधी कारण शोधा. बसल्यावरून उठताना पहिली चार पावले दुखतात आणि मग बरे वाटते, हे सैल झालेल्या सांध्याचे लक्षण असू शकते. रात्री ठणका, ऊब, ताप किंवा व्रणातून पाणी येणे संसर्गाकडे बोट दाखवते. स्क्रू तुटलेला असू शकतो. गाठ काढून सांधा बसवला असेल, तर गाठ परत आली आहे का हे पाहावे लागते. टेन्स लावल्याने यातले काही बिघडणार नाही, पण दुखणे दबेल आणि तपासणी दोन महिने पुढे जाईल. संसर्ग असताना शेक तर नकोच.

चुकून धातूवर डायथर्मी दिली गेली. आता काय?

मशीन लगेच बंद करा आणि पॅड काढा. कुठे, किती वेळ, किती मात्रेवर दिली हे तेव्हाच लिहून ठेवा. संध्याकाळी आकडे आठवत नाहीत. त्वचा लाल किंवा फोड आलेली असेल तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. बर्फ, पेस्ट, मलम नको. ताजी जखम असेल तर पाण्याऐवजी थेट डॉक्टरांकडे. त्वचा चांगली दिसली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण भाजले असेल तर ते खाली हाडाजवळ असेल. त्या अवयवाची हालचाल, संवेदना आणि नाडी तपासा. पुढचे ४८ तास खोल ठणका, सूज, वाढती लाली किंवा मुंग्या यांवर लक्ष ठेवायला रुग्णाला सांगा आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. रुग्णाला नेमके काय झाले ते स्पष्ट सांगा. त्याला माहीत नसेल तर रात्रीच्या ठणक्याला तो ‘व्यायाम जास्त झाला’ असे समजून झोपेल.

प्लेट काढून टाकली आहे. आता सगळे चालेल?

काढल्यानंतरचा एक्स-रे पाहून ठरवा. तुटलेल्या स्क्रूचा तुकडा काढताना हाडाचे जास्त नुकसान होणार असेल, तर तो मुद्दाम आतच ठेवतात आणि रुग्णाच्या लक्षात राहते ते ‘सगळं काढलं’. तुकडा असेल तर डायथर्मीचा नियम आधीसारखाच. काही नसेल तर धातूची अट संपली. मात्र स्क्रूची रिकामी भोके भरून येईपर्यंत हाड तिथे कमकुवत असते, म्हणून जोराचे स्नायू-उत्तेजन डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीपर्यंत थांबवावे.